पेटवण्यापुरता एक झुरका

कुठंही बसायचं झालं तर कारभारी आधी वारा बघतो. चहाच्या टपरीवर, लग्नाच्या मांडवात, स्टँडच्या कट्ट्यावर. कुणाच्या हातात बिडी आहे, धूर कुठल्या अंगाला चाललाय, हे तो बूड टेकायच्या आत टिपतो आणि मग धुराच्या उलट्या बाजूला जाऊन बसतो. तिथं ऊन असलं तरी. धारूरच्या बाजारात त्याचं शिलाईचं दुकान आहे, त्यामुळे त्याला सगळे ओळखतात आणि सगळेच त्याची थट्टा करतात. "टेलर आता वाऱ्याचं माप घ्यायला लागला बरं का!" तोही हसतो. हसताना त्याच्या डाव्या पायाची बोटं बुटात आखडलेली असतात, हे फक्त त्याच्या बायकोला, वनिताला, माहीत असतं.

त्या पायाला आता तीनच बोटं आहेत.

"सिगारेट सुटली ना पण कायमची?" असं कुणी विचारलं तर तो मान खाली घालून कापडावर खडूची रेघ ओढत राहतो. हो म्हटलं तर दृष्ट लागेल, असं त्याला वाटतं. एकदा तो हो म्हणाला होता.

कारभारी पन्नाशीला आलाय. त्याचं मूळ गाव धारूरच्या पलीकडं डोंगरात, एक लहानशी वाडी. घरात शिवणकाम कुणालाच येत नव्हतं. कोरडवाहू रान, दोन बैल, आई-बाप आणि मोठा भाऊ भागवत. बाप गोठ्यातून हाक मारायचा, "बिडी पेटवून आण रं," आणि घरात जो धाकटा असेल त्यानं चुलीकडं पळायचं. बिडी नुसती विस्तवाला धरून पेटत नाही. तिचं पान काळं पडतं आणि विझून जातं. ती ओठात धरावी लागते, निखाऱ्याला टेकवून आत ओढावी लागते, तेव्हा कुठं टोक लाल होतं. त्या घरात, वाडीतल्या कुठल्याही घरात, याला कुणी ओढणं म्हणत नसे. हे पेटवणं. पाण्याचा तांब्या आणून देण्यासारखं घरातलं एक काम. बाप गेल्यावर तेच काम भागवतसाठी सुरू राहिलं. भागवत औत हाकायचा, तास संपवून बांधाला टेकायचा आणि कारभारी त्याला पेटलेली बिडी द्यायचा. दोघं भाऊ फारसं बोलायचे नाहीत. बिडी या ओठातून त्या ओठात जायची, आणि त्यात बरंच काही बोलून झालेलं असायचं.

पुढं कारभारी धारूरला मामाकडं शिलाई शिकला. दुकान टाकलं, लग्न केलं. बाजारात आल्यावर बिडीची सिगारेट झाली. कापड बेतायच्या आधी एक, गिऱ्हाईक पायरी उतरलं की एक, काज-बटणाला बसताना एक. बायका शिवलेलं पोलकं नाकाशी नेऊन म्हणायच्या, "टेलर, हे घालून मला देवळात जायचंय हो." तो खजील व्हायचा आणि त्या वळल्या की पाकीट काढायचा.

मग एका हिवाळ्यात त्याला चालता चालता थांबावं लागायला लागलं. घरापासून दुकान काही लांब नाही, पण मध्येच डावी पोटरी आतून कुणी पिळावी तशी दुखायची. थांबलं की बरं. लोकांना कळू नये म्हणून तो थांबायची निमित्तं काढायचा. कुणाच्या म्हशीची चौकशी कर, भिंतीवरचा कागद वाच. पाऊल थंड पडायचं. वनिता रात्री त्याच्या पायाला पाय लागला की दचकायची. "आवं, पाय हाय का दगूड?" एक दिवस करंगळीशेजारचं बोट निळं दिसलं.

अंबाजोगाईच्या दवाखान्यातली डॉक्टरीण तरुण होती. तिनं त्याच्या पावलावर बोटं ठेवली आणि नाडी शोधत ती घोट्यापर्यंत सरकवत नेली. मग ती म्हणाली, "पायाच्या रक्तवाहिन्या आतून बुजत चालल्यात. हे तंबाखूनं होतं. गोळ्या देते, पण त्या टेकूपुरत्या. खरं औषध म्हणजे आजपासून बंद. कमी करतो, दिवसाला एकच ओढतो, असं मला सांगू नका. या रोगाला थोडी आणि जास्त कळत नाही. एक झुरका पुरतो त्याला."

"अन् ओढली तर?" वनितानं विचारलं.

"आधी बोट जाईल. मग पाऊल. मग गुडघ्याखाली."

शिंप्याचा पाय पायडलवर असतो. त्याला याहून जास्त सांगायची गरज नव्हती. दवाखान्याच्या फाटकाबाहेर त्यानं उरलेलं पाकीट गटारीत टाकलं, आणि खरंच सोडली. ते दिवस वाईट होते. तोंडात दोऱ्याचा तुकडा चघळत तो मशीनवर बसायचा, लहानसहान गोष्टींवरून भडकायचा, कापड चुकीचं कापायचा. वनिता त्याच्या पुढ्यात लवंगा ठेवून आत जायची. हळूहळू पोटरीची पिळवटणूक कमी झाली. बोटाचा निळेपणा ओसरला. एक हिवाळा गेला, दुसरा गेला. मग कुणीतरी विचारलं, "सुटली का?" आणि तो म्हणाला, "सुटली."

त्याच वर्षी पावसाळ्याच्या शेवटी तो वाडीला गेला होता. भागवत कपाशीवर फवारणी करत होता. पाठीवर पंप, कोपरापर्यंत हात औषधानं भरलेले. त्यानं मानेनंच खिशाकडं खूण केली.

"काढ रं. पेटवून दी."

"आण्णा, मी सोडलीय."

"तुला कोण वढ म्हनतंय बे? पेटव म्हनलो. माझे हात इखानं भरलेत, दिसंना का?"

ते खरंच होतं. विषानं माखलेले हात भावानं तोंडाशी न्यावेत, असं कुणाला वाटेल? कारभारीनं बिडी काढली, ओठात धरली, काडी लावली आणि पेटण्यापुरती आत घेतली. लगेच भावाच्या ओठात दिली. घरी येऊन त्यानं वनिताला काही सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे. सांगण्यासारखं काही घडलं, असं त्याला वाटलंच नाही. ओढली नव्हती, पेटवून दिली होती. पुढच्या आठवड्यात तो पुन्हा वाडीला गेला. त्याच्या पुढच्या आठवड्यातही. फवारणी संपली तरी जात राहिला, आणि भागवतचे हात कोरडे असले तरी म्हणायचा, "थांब, मी देतो पेटवून." मग एक दिवस दुकानामागच्या बोळात तो सिगारेट ओढताना वनिताला दिसला. तिनं फक्त त्याच्या पायाकडं पाहिलं.

त्या थंडीत बोट काळं पडलं. दुखणं असं की तो पाय खाटेखाली लोंबकळत सोडून बसल्या बसल्या रडायचा. करंगळी गेली, तिच्या शेजारचं गेलं.

भागवत दवाखान्यात आला होता. खाटेजवळ उभा राहिला, पट्टी बांधलेल्या पायाकडं बघायचं टाळत म्हणाला, "मी पेटव म्हनलो होतो. वढ म्हनलो न्हवतो." कारभारी म्हणाला, "व्हय." दोघांनाही ते पटत होतं, आणि दोघांनाही त्याची भीती वाटत होती. भागवत बाहेर गेला. खिडकीतून त्याच्या बिडीचा वास आत आला आणि कारभारीच्या तोंडाला पाणी सुटलं. बोटं कापून काही तास झाले होते. गुंगीतून नुकती जाग येत होती. तरी तोंडाला पाणी सुटलं. तेव्हा तो जितका घाबरला तितका शस्त्रक्रियेच्या टेबलावरही घाबरला नव्हता. रोग पायात आहे असं तो समजत होता. तो वर, जिभेखाली बसला होता, आणि त्याला भाऊ, दवाखाना, काही काही कळत नव्हतं.

तेव्हापासून तो वारा बघायला लागला.

तेव्हापासून वाडीला जाणंही कमी झालं. भागवतच्या अंगणात धूर असायचाच. कारभारी गेला तरी फाटकाशी, चिंचेच्या अंगाला उभ्या उभ्या बोलायचा आणि आलेल्या जीपनंच परत फिरायचा. भागवत ओसरीवरून ओरडायचा, "ये की बे आत! का आता भावाच्या सावलीनंबी इटाळ व्हतो टेलरला?" वहिनी, भिवराबाई, चहा घेऊन फाटकाशी यायची. पुढं पुढं तो सणालाच जायला लागला. मग सणालाही वनिताला एकटीला धाडायला लागला. भावाचं तोंड आठवलं की त्याला बिडी आठवायची, आणि बिडी आठवली की पाऊल गार पडल्यासारखं वाटायचं.

गेल्या वर्षी ज्वारीच्या काढणीत भागवत शेतातच बसला आणि उठला नाही. छातीत कळ आली असणार, असं लोक म्हणाले. आयुष्यभर बिड्या ओढलेल्या त्या माणसाचे पाय शेवटपर्यंत धड होते. दहाही बोटं. तिरडीवर कारभारीची नजर पुन्हा पुन्हा तिथंच जात होती.

दहाव्याला सगळे वाडीखालच्या तलावाच्या काठी जमले. भागवतचा मुलगा प्रविण पुण्याहून आला होता. मुंडण करून, ओल्या धोतरात बसला होता. गुरुजींनी पिंड मांडले. शेजारी पत्रावळीवर भागवतला आवडायचं ते सगळं ठेवलं: बाजरीची भाकरी, ठेचा, पिठलं, कपभर चहा. सगळे मागं सरले. बाभळीवर कावळे होते. एकही खाली येईना.

दहाव्याचा कावळा पिंडाला शिवला नाही तर मेलेल्या माणसाचा जीव कशात तरी अडकलाय असं धरतात, आणि कशात, ते शोधायला लागतात. प्रविण बापाला उद्देशून हात जोडून म्हणाला, "नाना, आईला मी बघतो. पुण्याला नेतो." कावळे बसून राहिले. भिवराबाईनं बसल्या जागेवरून सांगितलं, "रान इकनार न्हाई म्हन." प्रविणनं तेही म्हटलं. ऊन चढत होतं. लोक उपाशी होते.

भागवतचा जन्माचा जोडीदार मुंजाजी पुढं आला आणि पत्रावळीवर वाकून बघायला लागला. "आरं येड्यांनो, चहा ठिवलाय, बिडी कुठं हाय? ह्यो मानूस कधी कोरडा चहा पेलाय का?"

त्याही स्थितीत लोक हसले. कुणीतरी पळत जाऊन भागवतच्या कोनाड्यातला बिड्यांचा कट्टा आणि काडेपेटी आणली. प्रविणनं कधी ओढली नव्हती. त्यानं बिडी हातात धरून काडी लावली. पान काळं पडून विझलं. दुसरी ओठात धरली, ठसकला, डोळ्यांतून पाणी आलं, पण पेटली. ती पत्रावळीच्या कडेला ठेवली. बारीक धुराची रेघ वर गेली. कारभारी केव्हाच वाऱ्याच्या वरच्या अंगाला जाऊन उभा होता. वास त्याच्यापर्यंत येत नव्हता, तरी त्यानं श्वास धरला होता.

कावळे हलले नाहीत. बिडी विझली.

"ह्याच्या हातची न्हाई लागत त्याला," मुंजाजी म्हणाला आणि वळून बघितलं. त्याच्याबरोबर सगळेच वळले. "कारभारी, तू दी पेटवून. जलमभर तुझ्याच हातची वढली त्यानं. वरीस-दीड वरीस भाऊ घरात आला न्हाई, का म्हनून आला न्हाई, त्येच धरून बसलाय बग त्यो."

"मुंजाजीकाका, त्यांना चालत नाही," प्रविण म्हणाला. "डॉक्टरांनी—"

"मला म्हाईत हाय रं. वढ कोण म्हनतंय? पेटवायची अन् ठिवायची."

कुणीतरी कट्टा कारभारीच्या हातात दिला. तो नको म्हणायच्या आत दिला, किंवा त्यानं हात पुढं केला होता. नंतर त्याला आठवेना. बोटांनी आपण होऊन एक बिडी निवडली, दोन बोटांत फिरवून सैल केली. त्याच्या तोंडाला पाणी सुटलं. डोक्यात एक आवाज अगदी शांतपणे, समजूतदारपणे बोलू लागला: ओढायची नाही. पेटवून द्यायची. भाऊ आहे. मेलेला भाऊ आहे. एवढ्या लोकांपुढं कोण ओढतं? शेवटचंच.

तो आवाज त्याच्या ओळखीचा होता. कपाशीच्या रानात तो याच शब्दांत बोलला होता.

बायकांच्या घोळक्यात वनिता उभी राहिली होती. भरल्या लोकांत, दिराच्या दहाव्याला, ती काय बोलणार? तिच्या पदराचं टोक तिच्या मुठीत होतं. त्या क्षणी कारभारीला कळलं की आपल्याला थांबवणारं इथं कुणीच नाही. भावाचा जीव एका बाजूला, पाय दुसऱ्या बाजूला, आणि जिभेखाली बसलेलं ते तिसरंच, ज्याला यातलं कशाचंच काही नव्हतं. त्याला फक्त निमित्त हवं होतं. याहून चांगलं निमित्त त्याला पुन्हा कधी मिळणार नव्हतं.

तो लंगडत पिंडापाशी गेला आणि खाली बसला. लोक थोडे पुढं सरकले. काडेपेटी त्यानं उचललीच नाही.

"आण्णा," तो म्हणाला. "आण्णा, मी न्हाई पेटवनार. मला भ्या वाटतं."

कुणी हसलं नाही. वाडीतल्या पुरुषांनी पुरुषाच्या तोंडून हे वाक्य भरदिवसा ऐकलेलं नव्हतं.

"तुमच्याकडं येत न्हवतो तेबी भ्यानंच. राग न्हवता. तुमी बिडी काढली की मला लई भ्या वाटायचं. आजबी वाटतंय. आता माझ्या तोंडाला पानी सुटलंय, आण्णा. तुमच्या पिंडापाशी बसून मला तुमचं दुक न्हाई, बिडी दिसतीय. मी पेटवली तर मी थांबनार न्हाई." त्यानं बिडी पत्रावळीवर ठेवली, तशीच, न पेटवता. "तुमाला शिवायचं आसंल तर शिवा. न्हाई तर न्हाई."

तो उठून मागं आला. सगळे बाभळीकडं बघत राहिले. एक कावळा फांदी बदलून बसला. दुसरा उडून पलीकडच्या काठाला गेला. बराच वेळ गेल्यावर गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, तो पिंडाला टेकवला आणि विधी उरकला. असंही चालतं. पण ते मनाला लागून राहतं.

लोक उठले. हातपाय धुवायला पाण्याकडं गेले, काही जण जेवणाकडं वर निघाले. मुंजाजी जाताना म्हणाला, "नाराज गेला बग भाऊ तुझा." आवाजात टोमणा होता, पण त्याचेही डोळे ओले होते. भिवराबाई जवळून गेली. कारभारीला वाटलं, ती शिव्या देईल किंवा काही बरं बोलेल. तिनं यातलं काहीच केलं नाही.

"वाट बगायचे तुमची, भावजी," ती म्हणाली. "सण आला की वसरीवर बसायचे. तुमी फाटकाशी दिसला की बिडी इझवायचे. तुमाला लांबून कळत नसंल." आणि पुढं निघून गेली.

कारभारी तिथंच उभा राहिला. कुणाच्या तरी लक्षात यायला हवं होतं की याला इथं एकट्याला ठेवू नये. पण जे व्हायचं ते लोकांपुढं होऊन गेलं, त्यानं जिंकलं, असं सगळ्यांनी धरलं होतं. काठावर आता पिंड होते, गार झालेला चहा होता, दगडावर कट्टा आणि काडेपेटी होती. वारा पडला होता.

भाऊ बिडी विझवायचा. हे त्याला माहीत नव्हतं. त्या चिंचेखालून ते कधी दिसलं नव्हतं. तेवढ्यात तो आवाज पुन्हा आला, पहिल्यापेक्षा मऊ होऊन: आता कुणी बघत नाही. आता कावळ्यासाठी नाही, लोकांसाठी नाही. आता फक्त त्याच्यासाठी. एवढंही देणार नाहीस?

त्यानं खाली बघितलं तर काडेपेटी त्याच्या हातात होती.

कधी वाकला, कधी उचलली, त्याला कळलं नव्हतं. आपल्याच हाताकडं तो दुसऱ्या कुणाच्या हाताकडं बघावं तसा बघत राहिला. काडेपेटी टाकून दे, असं मनाशी म्हणाला, बोटं उघडेनात. मग लाज, वडीलधारे, दहाव्याची शांतता, सगळं बाजूला ठेवून तो जिवाच्या आकांतानं ओरडला, "वनिता!"

पाण्याशी वाकलेले लोक ताठ झाले.

"काय झालं बे? साप निघाला का?" मुंजाजी तिकडून ओरडला.

"वनिता! इकडं ये! मला एकट्याला ठिवू नको!"

वनितानं हातातली कळशी तिथंच सोडली. ती पदर खोचून चढणीवरून धावत येत होती, हे त्याला दिसत होतं. तरी ती येऊन त्याचं मनगट धरेपर्यंत तो हाका मारतच राहिला.